अकरा नंबर अजून हयात

ब्लेझ ब्रिटोचं लग्न ठरलं होतं. हॉल ठरला होता, बँड ठरला होता, फादरनी चर्चमध्ये दोघांची नावं पुकारली होती आणि कुणाची हरकतही आली नव्हती. अडचण एवढीच होती, की अकरा नंबर मरत नव्हता.

अकरा नंबर हे नारळ खवायचं विजेचं मशीन. त्याला एक मोटर, पुढे एक काटेरी लोखंडी बोंडूक. बोंडूक गरगर फिरतं, आपण नारळाची कवड त्यावर दाबून धरायची, खाली परातीत खोबरं पडतं. पुण्याच्या एका कंपनीने अशी मशीनं बनवली होती आणि ती किती काळ टिकतील हे आम्हाला विचारलं होतं.

कारण आमचा धंदाच तो. जामसंड्याला पूर्वी काजूची फॅक्टरी होती त्या शेडमध्ये आमची प्रयोगशाळा आहे. कंपनी वस्तू पाठवते, आम्ही त्या मरेपर्यंत चालवतो, कोण कधी गेलं ते टिपतो, आणि त्यावरून उरलेल्या जगातल्या वस्तूंचं भविष्य सांगतो. या शास्त्राला लाईफ डेटा म्हणतात. नाव आयुष्याचं आणि नोंद सगळी मयताची. आम्ही तिघं. सुभद्रा मॅडम गणित करतात. ब्लेझ मशीन चालवतो. मी, दीपेश, मशीनचा आवाज ऐकतो आणि तो बदलला की सांगतो, "मॅडम, घरघर लागली."

आमच्यावर विनीत सर. सरांचा स्वभाव वाईट नाही, फक्त ते एका चुकीतून बाहेर पडले की थेट समोरच्या चुकीत जाऊन बसतात. आधी आम्ही पंखे तपासले होते. मुदत संपली तेव्हा बरेचसे पंखे मजेत फिरत होते. सर म्हणाले, यांचा निकाल लागलेला नाही, यांना वगळा. मग मेलेल्या दोन-चार पंख्यांची सरासरी काढून अहवाल गेला, की हा पंखा एक उन्हाळासुद्धा काढणार नाही. पंखेवाला कोल्हापुराहून गाडी करून आला. आमच्या ऑफिसात स्वतःच्याच पंख्याखाली बसून त्याने सरांना तासभर झाडलं. पंखा शेवटपर्यंत फिरत होता. अधूनमधून तो वर बोट दाखवायचा.

तेव्हापासून सरांनी नियम केला: अहवाल सगळे नमुने मेल्यावरच. एकही जिवंत सोडायचा नाही.

सुभद्रा मॅडमनी त्यांना समजावून पाहिलं होतं. जिवंताला वगळायचंही नाही आणि त्याच्या उशाशी बसायचंही नाही. तो निदान इथवर जगला हे तर आपल्याला ठाऊक आहे, तेवढंच गणितात घालायचं, जगात सगळीकडे असंच करतात. सर म्हणाले, मॅडम, गिऱ्हाईक आपल्याला मरणाचे पैसे देतं.

बाकीची मशीनं शहाण्यासारखी गेली. कुणाची मोटर जळली, कुणाचं बोंडूक सैल झालं, एक तर चहाच्या वेळेला गेलं, म्हणजे कुणाची गैरसोय नाही. उरला अकरा नंबर. तो चालतच राहिला, आणि त्याच्याबरोबर ब्लेझ. कारण मॅडमचा एक नियम होता आणि तो बरोबर होता: कवड दाबणारा हात सगळ्या मशीनांना एकच हवा. एकाने जोरात दाबलं आणि दुसऱ्याने हळू, तर मेलं ते मशीनमुळे की हातामुळे हे कळणार कसं? पहिल्या दिवसापासून हात ब्लेझचा होता. आता हात बदलला की सगळं पहिल्यापासून.

दरम्यान खोबऱ्याचं काय करायचं हा प्रश्न होता. कुणकेश्वरच्या बाजूने टेम्पो नारळ आणून टाकी. सुरुवातीला आम्ही खोबरं शेजारीपाजारी वाटलं, लोक खूश झाले. मग जामसंड्यात घरोघर उसळीत खोबरं, पोह्यात खोबरं, चहाबरोबर खोबरं असं सुरू झालं. पुढे पुढे आमच्या हातात डबा दिसला की बायका रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागल्या. एकाने आम्ही दिलेला डबा परत आणून दिला आणि वर स्वतःकडचं खोबरं घातलं. शेडमधली पाल इतकी सुटली की तिने भिंत सोडली आणि जमिनीवर राहायला आली.

ब्लेझने सरांकडे रजा मागितली. सर प्रेमाने म्हणाले, "अरे, मी कुठे अडवतोय? अकरा मेला की त्याच मिनिटाला जा."

त्याच सुमारास प्रिन्सीचा फोन आला. प्रिन्सी ही ब्लेझची होणारी बायको, वेंगुर्ल्याला बँकेत असते, आणि तिला हिशेब न जुळलेला चालत नाही. ब्लेझचे दोन्ही हात कवडीवर, म्हणून फोन मी स्पीकरवर धरला होता.

"ब्लेझ, एक काय ता सांग," ती म्हणाली. "तुका लगीन माझ्याशी करूचा आसा काय त्या मशीनीशी?"

ब्लेझ म्हणाला, "गो, तो मरूक नाय."

"मगे मी येवन मारतंय."

मॅडम लांबूनच म्हणाल्या की मारलेला चालत नाही, आपल्या मरणाने मेलेला लागतो. फोन बंद झाला.

शेवटी गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे कुठलीही गोष्ट अडली, की कुणीतरी जाणतं माणूस नारळ ठेवून देवाला सगळा मामला मोठ्याने सांगतं आणि बाकीचे मागून "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे काम सरांच्या वडिलांकडे, भिकाजी आजोबांकडे. वय नव्वदीच्या पुढे, आवाज असा की गाऱ्हाणं देवाला ऐकू गेलं नाही असं देवाला म्हणता येऊ नये. ब्लेझने आदल्या संध्याकाळी खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, मेणबत्ती लावून ठेवलीच होती, त्यामुळे कुणाकडूनही काम झालं तरी त्याची ना नव्हती. आजोबांनी कुणकेश्वराच्या दिशेला तोंड केलं. नारळाची कमतरता नव्हती.

"बा देवा म्हाराजा," आजोबा म्हणाले, "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इलीत. ह्यो जो काय अकरा नंबर आसा, तेका आता सुटको दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"ह्या ब्लेझाच्या लग्नाच्या आड कोण येत आसात, तर तेका बाजूक कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इथे थांबायला हवं होतं. पण आजोबांनी सत्तर वर्षं गाऱ्हाणी घातलेली, आणि शेवट त्यांच्या तोंडात बसलेला. त्यांनी श्वास घेतला आणि त्याच दमात म्हणाले, "काय चुकला-माकला आसात तर माफ कर, तेची इडापिडा टाळ, आणि तेका उदंड आयुष्य दी रे म्हाराजा."

आणि आम्हीही लहानपणापासून तेच म्हणत आलेलो. "व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठ्याने ब्लेझ.

मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी आजोबांकडे. आजोबांनी मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले की आता सांगून झाला, परत घेवक येणा नाय.

दुसऱ्या सकाळी मी कान लावला. इतके दिवस अकरा नंबरला एक बारीक किरकिर होती, माझी सगळी आशा त्या किरकिरीवर. ती गेली होती. मशीन नवरदेवासारखं चालत होतं. नवरदेव मशीनसारखा दिसत होता.

रोस दोन दिवसांवर आला तेव्हा मी एक मुद्दा मांडला. रोस म्हणजे ख्रिस्ती घरातली हळद. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्याला नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात, आणि त्याला नारळ लागतात ढीगभर. मी म्हणालो, ब्लेझला अकरापासून दूर जाता येत नाही, पण अकराला ब्लेझबरोबर जायला कुणी मना केलंय? मॅडमनी विचार केला. हात तोच, नारळ तसाच. मशीन जामसंड्यातच मेलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, मी स्वतः येणार, लक्ष ठेवायला.

असा अकरा नंबर शिरोड्याला, ब्लेझच्या गावी गेला. पुढच्या सीटवर, पट्टा लावून. मी मागे नारळांत.

ब्लेझच्या घरासमोर माटव, म्हणजे मांडव, घातला होता. जुलिया मावशी, म्हणजे ब्लेझच्या आईची थोरली बहीण, रोसाची मुख्य होती. नवरदेव स्वतः आपल्या रोसाचा नारळ खवणार हे ऐकून तिने आधी ब्लेझच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग परातीत खोबऱ्याचा डोंगर होताना बघितला आणि म्हणाली की जावय असो व्हयो. बायका खोबरं वाटून पिळत होत्या, ओव्या म्हणत होत्या आणि मध्येच थांबून अकराला वाट करून देत होत्या. सर खुर्ची टाकून लक्ष ठेवत होते, शेजारी मॅडम वही घेऊन. आजोबाही गाडीतून आले होते. आपण आयुष्य दिलेला प्राणी कसा आहे ते बघायचं होतं त्यांना.

वेळ झाली. ब्लेझला स्टुलावर बसवलं, पण हात कवडीवरच. मावशीने पहिली वाटी त्याच्या डोक्यावर ओतली. मग काकी आल्या, आत्या आल्या, शेजारणी आल्या. ओव्यांचा वेग वाढला. रोस ब्लेझच्या केसांतून नाकावर, नाकावरून कोपरांवर आला. कुणीतरी म्हणालं, ह्यो बाजूचो पण आपलोच, तेका कित्याक कोरडो ठेवतास? मी ओरडणार होतो, पण माझं काम ऐकायचं. जुलिया मावशीने अख्खं पातेलं उचललं आणि अकरा नंबरला माथ्यापासून न्हाऊ घातलं.

मशीनने एक आवाज काढला. तो मी आजवर ऐकला नव्हता. मग निळसर ठिणगी, नारळाचा खरपूस वास, आणि बोंडूक थांबलं.

ओव्याही थांबल्या. ब्लेझने हात वर केले. कैक दिवसांत ते पहिल्यांदाच मोकळे होते, त्यांचं काय करायचं हे त्याला कळेना, म्हणून तो ते तसेच वर धरून बसला.

सर उभे राहिले. "मेलं," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "वेळ टिपा. ब्लेझ, अभिनंदन."

मी मॅडमकडे पाहिलं आणि मला पुढचं कळलं. मॅडमनी मशीन हुंगलं, बोटाने रोस निपटला.

"सर, हे मोजता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आपण खवून खवून मरण तपासतोय. हे बुडून मेलं."

"मेलं ते मेलं ना?"

"आजोबांच्या वयाचा माणूस बसखाली आला, तर त्याच्या छातीचा दोष म्हणून लिहाल का? बुडेपर्यंत ते जिवंत होतं, एवढंच आपल्याला माहीत. आणि तुमचा नियम सांगतो, प्रत्येक नमुना आपल्या मरणाने मेला पाहिजे. म्हणजे नवीन मशीन आणायचं, पहिल्यापासून." त्या थांबल्या. "हात तोच."

ब्लेझने वर केलेले हात सावकाश डोक्यावर ठेवले. माझ्या खिशात फोन वाजला. प्रिन्सी. तिच्या घरचा रोस आटपला होता, आणि तिने एवढंच विचारलं, "मेलो?" मी म्हणालो, हो आणि नाही. ती म्हणाली, स्पीकर लाव. मी लावला, आणि तो फोन जो शांत राहिला, तशी शांतता मी कुठल्याच मशीनकडून ऐकलेली नाही.

सर घामाघूम. "पण जिवंत म्हणून कसं लिहायचं? जिवंत हा काय निकाल आहे?"

तेव्हा भिकाजी आजोबा काठीवर उठले.

"विन्या," ते म्हणाले, "दर नोव्हेंबराक मी बँकेत जातंय आणि सांगतंय, बाबांनू, मी जितो आसंय. ती माणसां हयातीचो दाखलो लिवन घेतत, पेन्शन चालू ठेवतत. कोण म्हणाक नाय, आजोबा, आधी मेल्यावर येवा, मगे बघूया." काठी त्यांनी सरांच्या बुटावर टेकवली. "तुझ्या हिशोबात मी मरेपर्यंत मी नायच काय रे?"

"बाबा, तुम्हाला यात आणू नका ना."

फोनमधून प्रिन्सी म्हणाली, "आजोबा बरोबर सांगतत. माझ्या टेबलार तसलो गठ्ठो पडलेलो आसा. सगळे जिते, आणि सगळ्यांचो हिशोब लागता."

सरांनी मशीनकडे पाहिलं. वडिलांकडे पाहिलं. मग पंखेवाल्याची आठवण आली असावी, कारण त्यांनी एकदा वरही पाहिलं. माटवाला पंखा नव्हता.

"लिहा," ते म्हणाले. "अकरा नंबर: इथवर हयात."

मॅडमनी तिथेच, खोबऱ्याच्या परातीशेजारी बसून गणित केलं. मेलेले मेलेल्यांच्या जागी, अकरा आपल्या जागी. आलेखावरची रेष जरा वर सरकली आणि सरळ बसली. कंपनीचं मशीन आम्हाला वाटलं होतं त्याहून बरं निघालं. सरांनी सही केली, बोटाला रोस लागलेला होता म्हणून कागद अजून थोडा चिकट आहे. ब्लेझ "सुटलो" म्हणाला आणि काकींनी त्याला पुन्हा पहिल्यापासून न्हाऊ घातलं, कारण मघाचं अर्धं अकरावर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये ब्लेझ आणि प्रिन्सी फादरपुढे उभे राहिले. सुखात, दुःखात, आजारात, मरण येईपर्यंत साथ देईन, असं दोघांनी म्हटलं. मरण शब्द आला तेव्हा सर अस्वस्थ होऊन पुढे वाकले. लगेच फादरनी नोंदवही पुढे केली, दोघांनी सह्या केल्या, साक्षीदारांनी केल्या.

सुभद्रा मॅडम माझ्या कानाशी आल्या. "बघितलंस? करार मरेपर्यंतचा. पण फादर दाखला आजच देतायत."

आमच्या मागच्या बाकावर भिकाजी आजोबा होते. आशीर्वाद संपला, सगळीकडे गंभीर शांतता झाली, आणि आजोबांनी नेहमीचा श्वास घेतलेला मी ऐकला. "तेंका उदंड आयुष्य दी रे म्हाराजा," ते म्हणाले.

अख्खं चर्च म्हणालं, "व्हय म्हाराजा." फादरसुद्धा.