डॉक्टरांनी बोलायचं नाही

आमचा धाकटा दातांचा डॉक्टर आणि मी त्याची मदतनीस. पाठच्या भावाच्या हाताखाली काम करायचं म्हणजे रोज जिभेला लगाम, आणि तो मला कधीच जमला नाही.

दात साफ करताना पाण्याचे तुषार उडतात, त्यांच्यासोबत पेशंटच्या तोंडातले जंतू खोलीभर तरंगतात. ते मोजायला तपासणीवाल्या बाईंनी जेली भरलेल्या काचेच्या बश्या ठेवल्या. बश्यांवर जंतूंच्या ठिपक्यांचं रान माजलं. बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी असंच दिसलं तर खोलीला सील." म्हणजे धाकट्याचं दुकानच बंद.

आम्ही कंबर कसली. आधी पेशंटने जंतुनाशक औषध मिनिटभर तोंडात धरायचं, मग मी जाड नळीने तुषार ओढून घ्यायचे. पण पेशंटचं तोंड भरलं की धाकट्याला नेमका कंठ फुटतो. "काय, मुलीचं लग्न ठरलं का?" पेशंट भिडेखातर उत्तर देणार, निम्मं औषध पोटात, निम्मं माझ्या अंगावर. आणि बोलण्याच्या भरात याचा मास्क हनुवटीवर.

"तू गप्प बस," मी बजावलं.

"गप्प बसलो की पेशंट घाबरतात गं ताई."

"घाबरू देत."

मग पठ्ठ्या खुणांनी बोलायला लागला. हातातलं दात घासायचं यंत्र गळ्यावरून फिरवत त्याने एकाला सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन कसं झालं ते विचारलं. तो माणूस फुगलेल्या गालांनी तसाच जिना उतरून पळाला. मी धाकट्याचे हातही बंद केले.

पुढच्या तपासणीत बश्या जवळजवळ कोऱ्या निघाल्या. बाई खूश होऊन गेल्या. मी पेढे मिळाल्यासारखी खुशीत वळले, तर धाकटा नळाखाली हात धरून नुसता उभा.

"तुझी भावजय गेल्यापासून माझं बोलणं इथेच व्हायचं," तो म्हणाला. "घरी कोणाशी बोलू?"

गाढवाने हे आधी सांगायला नको? पण मी तरी कधी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलंय. मी दार लोटलं, खुर्चीत बसले, मधे तोंड घालता येऊ नये म्हणून औषधाचा मोठा घोट भरला आणि त्याला हाताने खुणावलं, बोल.

तो तिच्याबद्दल बोलत राहिला. मिनिट कधीच उलटलं होतं. जीभ बधिर झाली, डोळ्यांना धार लागली, तरी मी थुंकले नाही.