अवेळी आलेलं पाणी

आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की कुणी घड्याळ बघत नाही. नळ फुसफुसला, की जेवणारा माणूस उष्ट्या हातानं मोटरचं बटण दाबतो. नळाला थेट मोटर लावायला मनाई आहे, पण ती प्रत्येकाच्या मोरीत आहे. शेजारी ओढतो, म्हणून आपण ओढायचं. गोदावरीच्या काठी राहून आम्ही एवढंच पुण्य कमावलं.

त्या मे महिन्यात भर दुपारी समोरच्या जयरामच्या गादी कारखान्यात कापूस पिंजायच्या यंत्रातून ठिणगी उडाली. खाली कारखाना, वर घर, आणि जिना कारखान्यातूनच. जयराम आणि त्याची बायको लताबाई बाहेर पळाले; पण जयरामचे वडील, सावळीरामबाबा, वर होते. अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेलेली, उन्हाळ्यात खाट गॅलरीत असायची. गॅलरीला चोरांच्या भीतीनं लोखंडी जाळी बसवलेली. तिच्यातून बाबांनी चांगला हात बाहेर काढला होता. जयराम दोनदा धुरात घुसला आणि दोनदा खोकत मागे आला.

बंब लवकर आला, खोटं कशाला बोलू. जवानांनी पाणी मारलं, ज्वाळा दबल्या, शिडी लागली. एक जवान जाळी कापायला चढला आणि बंबातलं पाणी संपलं. कापूस वरून विझतो आणि आत धुमसत राहतो. ज्वाळा पुन्हा उठल्या, जवानाला खाली यावं लागलं. दुसरा बंब वाटेत होता. कोपऱ्यावर बंबासाठी ठेवलेल्या नळाला पाइप जोडला, तर तो कोरडा. आमचं पाणी सकाळचं, दुपारी लाइन रिकामी. मग केरूला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला, कुणीतरी स्कूटरवर घालून टाकीकडे नेलं. त्यानं चावी पूर्ण खोलली.

पाइप फुगला. जवान पुन्हा शिडीवर चढला. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून बायकांचा आवाज आला, "पाणी आलंय गं, पाणी."

एकामागून एक मोटरी घुरघुरायला लागल्या. पाइप चपटा झाला आणि जवान शिडीवर अर्ध्यातच थांबला.

मी आधी आमची मोटर बंद केली, मग दारं बडवत सुटले. "मोटर बंद करा, बाबा जळतायत." भागीबाई मोरीतूनच म्हणाली, "शुभांगी, सगळ्यांच्या चालू आहेत. माझी एकटीची बंद करून काय होणारे? एवढा ड्रम भरू दे." पुढच्या दारी तेच, त्याच्या पुढच्या दारी तेच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण इथं तर सगळ्यांना दिसत होतं. परत वळले तर आमचीच मोटर सुरू. सासूबाई हंडे लावत होत्या. "सगळं पाणी शेजारचेच ओढून नेतील," त्या म्हणाल्या. त्यांना ढकलून द्यावं असं मला वाटलं.

रस्त्यात लहानू वायरमन दिसला. मी त्याचा शर्टच धरला. "गल्लीची लाइट काढ. आत्ताच्या आत्ता."

त्यानं डीपीतले फ्यूज उपसले. मोटरी गप्प झाल्या. पाइप पुन्हा फुगला, जवान वर पोचला, त्यानं जाळी कापली. बाबांचा हात मात्र केव्हाचाच खाली लोंबत होता. जयराम रस्त्यात मटकन बसला आणि मी त्याच्याकडे बघू शकले नाही.

संध्याकाळी बाबांना अग्नी देऊन माणसं अमरधामहून परतली. मयताच्या घरी त्या दिवशी अंघोळीचं पाणी शेजाऱ्यांनी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. कुणाला सांगावं लागलं नाही. दारादारांतून भरलेल्या घागरी, हंडे, कळशा आल्या. सगळ्यांत पुढे आमच्या सासूबाई, डोळे रडून सुजलेले. ते रडणं खोटं नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

लताबाईंनी भागीबाईच्या हातातली घागर घेतली. मोरीसाठी रस्त्यातच साडी आडवी बांधली होती, तिकडे त्या गेल्या नाहीत. कारखान्याच्या काळ्या उंबऱ्यात जाऊन त्यांनी ती ओतली. आत कापूस अजून धुमसत होता, त्यातून वाफ आली.

त्यांनी रिकामी घागर खाली ठेवली आणि पुढच्या घागरीसाठी हात पसरला. कुणी जागचं हलेना.

"द्या की," त्या म्हणाल्या. "भरून ठेवलंय ना सगळ्यांनी?"

सासूबाईंनी आपला हंडा पुढे केला.