अकरावं कार्ड

"खेड्यात कागद एकट्याचा नसते, बाई. तिथं तो पारावर वाचतेत," आमच्याकडे भांडी घासायला येणारी तानुबाई म्हणाली होती. मी कार्ड उलटून पत्ता तिच्यापुढे धरला आणि हसले. "अगं, यावर कौशल्येचं नाव आहे. दुसरं कोण कशाला वाचेल?" मी अमरावतीच्या कॉलेजात चार वर्षं काढलेली, तिला अक्षरओळखही नव्हती.

माझी सिंधू तेव्हा सात महिन्यांची होती. चार दिवस ताप हटत नव्हता. पाचव्या दिवशी जठारपेठेतल्या आमच्या घरी एक कार्ड आलं. खाली सही नाही. देवीच्या नावानं लिहिलेलं: याच्या अकरा नकला नऊ दिवसांत अकरा लेकुरवाळ्या बायकांना पाठवाव्यात. पाठवील तिचं मूल वाचेल. साखळी तोडील तिच्या गावातली लेकरं जातील.

होस्टेलात असते तर मोठ्यानं वाचून मैत्रिणींना हसवलं असतं. आता मांडीवर निखाऱ्यासारखं मूल होतं. मी लिहायला बसले. वळणदार, टपोऱ्या अक्षरात, एक शब्द न बदलता.

नावं निवडताना मात्र अक्कल शाबूत होती. कॉलेजातल्या एकीलाही पाठवलं नाही; त्या हसल्या असत्या. मावश्या, नणंदा धरून दहा झाल्या. अकरावी सुचेना. मग कौशल्या आठवली. बार्शीटाकळीच्या पुढच्या एका खेड्यातली कुणब्याची विधवा. माझ्या बाळंतपणात तीन महिने आमच्याकडे राहिलेली, सिंधूला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी. तिला एकच मुलगी, अनसूया. कौशल्येला वाचता येत नाही, म्हणजे कार्ड कुठेतरी खोचलेलं राहील, कुणाचं काही बिघडणार नाही, आणि माझ्या अकरा पुऱ्या होतील.

सिंधूचा ताप उतरला. डॉक्टरांचं औषध चालूच होतं, पण नारळ मी देवीपुढे फोडला.

दीड महिन्यानं कौशल्येचा दीर खुशालराव आमच्या यांच्याकडे, हे वकील म्हणून सल्ला घ्यायला आला. गावात गोवरानं तीन मुलं गेली होती.

"पंच म्हनतेत, साखळी हिनं तोडली. विहिरीवर येऊ देत नाईत तिले. घरात ठेवलं त मलेबी वाळीत टाकतेत. कायद्यात काय बसते, सांगा."

"खुशालराव, कार्डानं गोवर येतो का?"

"मले काय मालूम, साहेब? मास्तरानं पारावर वाचलं, सारं गाव आयकून राहिलं होतं. मास्तर म्हने, अक्षर शिकल्यासवरल्या मानसाचं हाये. असा मानूस खोटं कायले लिहीन?" त्यानं पागोट्यातून कार्ड काढलं. यांनी ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सतरंजीवर पालथं ठेवलं.

"तिनं अकरा नकला का नाही पाठवल्या?" मी विचारलं. मीच विचारलं.

"लिहाले येते कोनाले, बाई? मास्तराच्या पाया पडली. तो म्हने, देवाच्या कामात मी हात घालत नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गावी गेलो. कौशल्येच्या दाराला कडी होती. पहाटेच पोरीला घेऊन निघून गेली, शेजारणीनं सांगितलं. मी पाराजवळ उभी राहिले आणि म्हणाले, ते कार्ड मी लिहिलं, त्यात काही खरं नाही.

"तिले वाचवाले म्हनता, बाई," एक म्हातारा हसला. "तोंडाचं काय, बोलाचं वारं. कागदावर असंन तेच खरं."

मी मास्तरांकडून कागद मागून घेतला, तेच सगळं लिहून दिलं. त्यांनी दोन्ही अक्षरं ताडून पाहिली आणि मोठ्यानं वाचलं. मग गर्दीतून एका बाईनं विचारलं, "बाई, तुमचं लेकरू आजारी होतं?"

"हो."

"अकरा धाडल्या?"

"हो."

"अन् आता?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणाले, बरं आहे.

"पाहा!" ती भोवतालच्या बायांना म्हणाली. "बाईनं धाडल्या, बाईचं जगलं." माझ्या देखत दोघी-तिघींनी मास्तरांना नकला लिहून मागितल्या. या वेळी मास्तर नाही म्हणाले नाहीत.

त्याला आता तीन आठवडे झाले. तिच्या शोधात गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात आम्ही जाऊन आलो. तिथल्या स्वयंपाकघरात अशा मायलेकी दोन दिवस जेवल्या, मग अमरावतीच्या वाटेनं गेल्या, एवढं कळलं. मुलीच्या अंगावर पुरळ होतं म्हणतात.

हे वाचणाऱ्यांसाठी सांगते: कौशल्या तिशीची, उंच आहे. डाव्या गालावर भाजल्याचा डाग, बोलताना पदर दातांत धरते. अनसूया पाच वर्षांची. बडनेरा, अमरावती, तिवसा, कुठेही, स्टेशनवर, धर्मशाळेत, देवळाच्या ओट्यावर अशी कुणी बसलेली असेल तर मला पत्र लिहीत बसू नका. आधी तिच्याजवळ जा. पोरीच्या कपाळाला हात लावून बघा, ताप आहे का.