बिनखिळ्याची भिंत

"भोक पाडायचं असंल तं आधी माझ्या पाठीत पाड!" असं म्हणून पद्माबाई मधल्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

ड्रिल मशीन हातात धरून फहीम जागच्या जागी थिजला. कुरुंद्यातल्या कितीतरी घरांत त्यानं वायफाय बसवलं होतं. कुठं कुत्रं अंगावर आलं होतं, एकदा तर म्हैस आली होती. पण भिंतीला चिकटलेली म्हातारी त्याला पहिल्यांदाच भेटत होती.

"आजी, माझं ऐका तं खरं. पुढच्या खोलीतल्या डब्याचं वायफाय इथवर येतंय. पण ह्या तुमच्या पत्र्याच्या कोठ्या, ही भांडी, ते समदं सिग्नल खाऊन राहिल्यात. पलीकडं काहीच जात न्हाई."

"माझ्या कोठीत गहू हाय. तुझं सिग्नल खायला ती काय शेळी हाय?"

दारात उभा असलेला रत्नपाल, तिचा थोरला, कपाळाला हात लावून म्हणाला, "माय, बोटभर तं भोक. वायर त्यातून गेली की पल्लवीच्या खोलीत दुसरा डबा बसतो. झालं!"

"झालं म्हणं! तुमचं कधी होतंय?"

यात मात्र पद्माबाईचं काही चुकत नव्हतं. या घरात इंटरनेट शिरलं ते ओसरी दिल्यावर पाय पसरणाऱ्या पाहुण्यासारखं. आधी पुढच्या खोलीत रत्नपालच्या कॉम्प्युटरपाशी एक डबा आला. मग छापायचं मशीन त्याला जोडलं. मग टीव्ही. मग हळदीच्या गोदामावर कॅमेरा, म्हणजे खाटेवर पडल्या पडल्या पोती बघता यावीत. पद्माबाई म्हणायची, "पोत्यांना काय पाय फुटून राहिले?" आणि आता त्या पाहुण्याला थेट तिच्या भिंतीतून पलीकडं जायचं होतं.

पण ही भिंत साधी नव्हती. तिचा नवरा मुंजाजी गवंडी. लोकांची घरं बांधता बांधता सुट्टीच्या दिवशी त्यानं हे घर उभं केलं आणि विटा, माल पद्माबाईनं डोक्यावर वाहिला. कधीही ओळंबा लावून बघा, भिंत सुतात. भांड्यांच्या फळ्या भिंतीतच बसवलेल्या, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींना कोनाडे केलेले. मुंजाजी म्हणायचा, "भिंतीला खिळा ठोकणं म्हणजे गवंड्याच्या कपाळाला ठोकणं." तो गेल्यावर हा शब्द पद्माबाईनं कायद्यासारखा पाळला. कॅलेंडरसुद्धा कोठीच्या कडीला लटकायचं. आणि दोन सालांखाली धाकटा धम्मानंद मोटारसायकलवरून पडून गेला, त्याची तसबीरही कोठीला टेकवून खालीच ठेवलेली. गहू काढायचा असला की ती उचलून बाजूला ठेवायची, काम झालं की पुन्हा टेकवायची.

"माय, धम्याचा फोटो तरी वर लावू दे," रत्नपालनं एकदा म्हणून पाहिलं होतं.

"खिळा मारायचा न्हाई म्हणलं ना!"

त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पल्लवी ही धम्मानंदची बायको. तिची खोली याच भिंतीच्या पलीकडं, पाठीला पाठ लावून. दोन्ही खोल्यांमध्ये दार नाही, अंगणातून वळसा घालून जावं लागायचं. पल्लवीला नांदेडच्या एका कंपनीचं काम मिळालं होतं. डॉक्टर बोलतात ते ऐकून रिपोर्ट टाईप करायचे. घरी बसून जमत असेल तर घरून करा, सारखं नेट जात असेल तर नांदेडला ऑफिसात येऊन बसा, असं त्यांनी बजावलं होतं. "न्हाईच जमलं तं साक्षीला घेऊन तिकडं खोली करते," असं पल्लवी जावेला सांगत असताना पद्माबाईच्या कानावर पडलं. साक्षी म्हणजे तिच्या धम्याचं एकुलतं लेकरू.

पद्माबाई तेव्हा मोठ्यानं म्हणाली होती, "जायचं तं जा. मी काय कोनाचे पाय धरनार न्हाई." त्या दिवशी तिची भाकरी ताटात तशीच राहिली.

भिंत काही फुटली नाही. शेवटी फहीमनं पुढच्या खिडकीतून वायर काढली, अंगणावरून ताणली आणि पल्लवीच्या खिडकीतून आत घेतली. "आजी, ह्या वायरला हात लावू नका बरं," एवढं बजावून तो गेला.

हात पद्माबाईनं लावलाच नाही. तिनं गोधड्या टाकल्या.

ऊन चांगलं कडक पडलं होतं. तिनं घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या. कपड्यांची दोरी साड्यांनी भरून गेली, आणि वर बघते तर ही निळी वायर. चांगली ताणलेली, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कामधंदा काही नाही. "चार दिस झाले नुसती लोंबून राहिली," असं पुटपुटत तिनं ओली, जडशीळ गोधडी त्यावर भिरकावली. वायर वाकली, पण टिकली. पद्माबाईला वाटलं, पैलवान आहे! तिनं दुसरी टाकली.

खट्‌कन आवाज आला. गोधड्या मातीत. वायरचं टोक पुढच्या खिडकीतून सापासारखं सरसरत बाहेर आलं.

पल्लवी कानातली यंत्रं गळ्यात लोंबत असतानाच बाहेर धावली. तिनं वायर पाहिली, मातीतल्या गोधड्या पाहिल्या, मग सासूकडं पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला पद्माबाईकडं चोख उत्तरं होती.

"आत्याबाई," पल्लवी हळू म्हणाली, "एवढंच मनात व्हतं तं तोंडानं म्हणायचं व्हतं. वायर काहून तोडली?"

"मी... आगं, गोधड्या..."

"दुपारच्या पाळीला नेट न्हाई आलं तं उद्या नांदेडला या म्हणले ते." आणि ती आत गेली. थोड्या वेळानं पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

गावात पद्माबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे, आणि आज सुनेनं एवढा मोठा आळ घेतला. गोधड्यांच्या ढिगावर तिनं लाथ मारली. मग वायरकडं बघून म्हणाली, "मेली, सांगता येत न्हाई व्हय, मला सोसत न्हाई म्हणून?"

तिनं रत्नपालला फोन लावून फहीमला तातडीनं पाठवायला सांगितलं आणि ती मधल्या खोलीत शिरली.

आधी तसबीर उचलून तिनं खाटेवर ठेवली. मग अंगाचा जोर लावून कोठी सरकवली. फळीखालच्या पेटीतून मुंजाजीची छन्नी आणि हातोडा काढला. सांधा कुठं आहे हे तिला बघावं लागलं नाही. तिथल्या विटा तिनंच हातात दिल्या होत्या. "बोल लावू नका," एवढं तिनं भिंतीला सांगितलं आणि पहिला घाव घातला.

पलीकडं पल्लवी कपड्यांच्या घड्या करत होती. भिंतीतून धप्‌ धप्‌ येऊ लागलं. घाव थांबायचे, दम लागल्याचा आवाज यायचा, पुन्हा घाव. शेवटी पोपडा पडला आणि छन्नीचं टोक बाहेर आलं. मागोमाग आवाज.

"पल्लवे, वायर दे इकडून."

"कोनती वायर, आत्याबाई?"

"तुझी. माझी कुठली असनार!"

पल्लवी भिंतीपाशी वाकली. भोकातून तिला सासूचा एक डोळा तेवढा दिसला, विटकरीच्या धुळीनं लाल झालेला. तिनं अंगणातली वायर खिडकीतून आत ओढली आणि टोक भोकात सारलं. "खरंच गोधड्या वाळू घालत व्हत्या?"

"मग काय वायर तोडायला धुतल्या? सार लवकर, हात दुखून राहिला माझा."

फहीम आला तेव्हा दोन्ही टोकं त्याची वाट बघत होती. भोक बघून त्यानं तोंडावर हात धरला. "आजी, यातून मांजर जाईल!"

"असू दे. उद्या तिसरा डबा आनशीलच. तुमचं एकावर भागतं व्हय?"

डब्यावरचे हिरवे दिवे लागले. पलीकडून पल्लवीचं टाईप करणं सुरू झालं, भोकातून थेट ऐकू येणारं, छपरावरच्या बारीक पावसासारखं. बॅग पलंगाखाली गेली की नाही, हे पद्माबाईनं विचारलं नाही.

फहीम सामान आवरू लागला.

"थांब. तुझ्यापाशी खिळा हाय का?"

"कशाला, आजी?"

"इचारू नको. हाय का न्हाई तेवढं सांग."

त्यानं पिशवीतून एक खिळा काढून दिला. पद्माबाईनं तसबिरीवरची धूळ पदरानं पुसली, भांड्यांच्या फळीशेजारची मोकळी जागा हातानं चाचपली आणि हातोडा उचलला.

पहिल्या ठोक्याला पलीकडचं टाईप करणं थांबलं. दुसऱ्या ठोक्यालाही थांबलेलंच होतं. पद्माबाईनं धम्मानंदला भिंतीवर चढवलं, मागं सरून बघितलं, जरासं डावीकडं सरकवून सरळ केलं. मग पलीकडं पुन्हा बोटं चालू झाली.