हिंदुरावांच्या डोक्यावरचा स्पंज

मी स्पंजचा एक तुकडा बोलतोय. जन्म चाकणच्या एका शेडमधला. माझी भावंडं मोटारींच्या सीटमध्ये गेली. लोक त्यांच्यावर बसतात. मी मात्र लोकांच्या डोक्यावर बसलो!

संत तुकाराम नगरातल्या एका दवाखान्यात मला मिठाच्या पाण्यात भिजवून पट्ट्याने पेशंटच्या डोक्याला बांधत. पक्षाघाताच्या झटक्यात गेलेली वाचा परत यावी, म्हणून माझ्यातून मेंदूला अगदी सौम्य वीज देत. ती वीस मिनिटं वर्षाली मॅडम चित्रं दाखवून बोलण्याचा सराव घेत. "नुसत्या विजेनं कुणी बोलत नाही हं," हे त्या आधीच सांगत.

दिघीचे हिंदुराव आले, तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. "बरं."

"सव्वीस वर्षांत माझ्या एका बोलण्याला बरं म्हणले न्हाईत, मॅडम. आता बघा!" त्यांची बायको मंजुळाबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

त्या दत्तगडावर नवस बोलल्या होत्या : मालक नावाने हाक मारीपर्यंत मीठ खायचं नाही. रोज मला मिठाच्या पाण्यात त्याच बुडवत. पिळताना दत्ताचं नाव घेत. तो हात मला अजून आठवतो. मग कोपऱ्यात बसून अळणी पिठलं-भाकरी मुकाट खात. हिंदुराव नुसते बघत राहत.

तेराव्या दिवशी मंजुळाबाईंना भोवळ आली. भिंत धरून त्या खाली बसल्या. माझ्याखाली हिंदुरावांची शीर ताडताड उडत होती.

"मी... मी..."

मॅडमच्या ओठांवर शब्द आला होता, पण त्यांनी तो दिला नाही. आम्ही सगळेच थांबलो.

"मीठ," हिंदुराव म्हणाले. "खा."

"पर हाक कुठं मारलीत? नवस हाय माझा."

"खा!" सूर तोच, सव्वीस वर्षांचा, दरडावणीचा.

"आता ह्याच्याहून मोठी हाक कसली!" मंजुळाबाईंना रडू आवरेना. "दत्ता, गोड मानून घे." आणि चिमूटभर मीठ त्यांनी जिभेवर ठेवलं.

पुढे माझे कोपरे झिजले, माझ्या जागी नवा स्पंज आला. टाकून देणार होते, तर मंजुळाबाईंनी मला मागून घरी आणलं. आता खिडकीत कोरडा पडून असतो. त्या ओल्या, खारट सकाळींची फार सय येते.

हिंदुराव पंचवीसएक शब्द बोलतात. चहाला कधी पाणी म्हणतात. सून घाईने शब्द पुरवायला गेली, की मंजुळाबाई म्हणतात, "थांब गं पूनम. निघालाय त्यांचा शब्द, वाटेत आसंल."

तुमच्याही घरी कुणाचा शब्द अडला, तर एवढं करा, बाबांनो : त्याच्या आधी तुम्ही पोचू नका. बायकोचं नाव हिंदुरावांना अजून आलेलं नाही. मंजुळाबाई वाट बघतायत, आणि खिडकीत बसून मीही.