टेकताच पूर्ण जोर

खिडकीतून पाहुणा दिसला आणि मी ओरडले, "आई, आले गं ते!" पस्तिशी उलटली तरी मला जिना हळू उतरता येत नाही. तीन-तीन पायऱ्या गाळत खाली गेले आणि त्यांच्या हातातली पिशवी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

पाहुणे म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या जहाजावरचे तारवाले. विमानवाहू जहाजाची धावपट्टी ती केवढीशी! विमान उतरलं की त्याच्या शेपटाखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकतो आणि विमान थांबतं. त्या तारा सांभाळणं हे यांचं काम. नऊ वर्षांपूर्वी, युद्ध नाही की काही नाही, साध्या सरावाच्या दिवशी, त्यातली एक तार तुटली आणि आमचा भिंगरी विमानासकट समुद्रात गेला. सव्वीस वर्षांचा होता. पाळण्यातसुद्धा एका जागी राहिला नाही, म्हणून भिंगरी.

त्याच्या जहाजावरचं कुणीतरी पहिल्यांदाच घरी येत होतं. तो काय खायचा, कुणाला छळायचा, मला सगळं सगळं ऐकायचं होतं! आणि बाबा? ते आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीची चावी शोधत होते. म्हणे, "माझा क्लास आहे." रविवारी कसला डोंबलाचा क्लास! नऊ वर्षं हेच. भिंगरीचा विषय निघाला की हा माणूस उठून जायचा. माझं डोकंच फिरलं. चावी मी खिशात घातली आणि म्हणाले, "आज बसायचं."

तारवाले भलतेच बोलके निघाले. भिंगरी विमानातून उतरला की तारेला हात लावून म्हणायचा, "घरी ताई कॉलर धरते, इथे तू." हे ऐकून मी टाळ्याच पिटल्या. आईच्या तर हसता हसता डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात बाबा कडाडले.

"ते राहू द्या. त्याने ॲक्सिलरेटर का दाबला?"

आईचं हसू थांबलं.

"चौकशीच्या अहवालात वाचलंय मी," बाबा म्हणाले. "चाकं टेकली तेव्हा इंजिनाला पूर्ण जोर दिलेला होता. थांबायचं असताना! नवशिके घाबरले की हेच करतात, ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर. त्याच्या आईला मी तो अहवाल कधी दाखवलाच नाही."

तारवाल्यांनी कप खाली ठेवला. "साहेब, तो जोर द्यायचाच असतो."

"काय?"

"सगळेच देतात. दर वेळी. आकडा अडकलाच नाही तर पुन्हा उडायला जोर नको? चाकं टेकताच पूर्ण जोर, हा पहिला धडा. थांबवायचं काम तारेचं." त्यांनी टेबलावर चमचा सरकवला आणि त्याच्यापुढे बोट आडवं धरलं. "तारेने आधी वेग खाल्ला आणि मग ती तुटली. आता थांबायला जागा नाही, उडायला वेग नाही. त्याची तसूभर चूक नव्हती. तार आमची होती. हे सांगायलाच आलो."

"पुन्हा दाखवा," बाबा म्हणाले. तीनदा दाखवायला लावलं. चौथ्या वेळी चमचा स्वतः सरकवला आणि असे ताडकन उठले की खुर्ची मागे आडवी झाली. "बरोबर केलं! अगं, पोराने बरोबर केलं!" माझे खांदे धरून त्यांनी मला गदागदा हलवलं. मीही ओरडत होते, काय ते देवाला ठाऊक. तारवाले एकीकडे डोळे पुसत होते, एकीकडे हसत होते.

आई मात्र जागची हलली नव्हती.

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही त्याच्यावर रागावला होतात?"

बाबांनी माझे खांदे सोडले.

"त्याच्यावर कसा रागावेन? त्याला गाडी शिकवली कुणी?"