आधी जलीला, मग दलेंदा

केर्केन्ना बेटावरून बोटीने सफाक्स शहरात पोचेपर्यंत दलेंदाने डोकं आपटून आपटून कपाळ सुजवून घेतलं होतं. एकतीस वर्षांची दलेंदा बोलत नसे. तिचं दुखणंखुपणं थोरली बहीण जलीलाच ओळखी. आज मात्र जलीलालाही नीट उमगेना. पोटाशी पाय घेऊन दलेंदा अशी कधी बसली नव्हती.

इस्पितळात डॉक्टर नबीहनी लांबूनच पाहिलं. "ऑटिझम ना? या मुलांचं असंच असतं. झोपेचं इंजेक्शन देतो, शांत होईल."

"मूल नाही ती, चांगली बाई आहे. आणि ती झोपली तर दुखणं कळणार कसं?" जलीला आडवी उभी राहिली. "पोट तपासा तिचं."

"हात तरी लावू देते का? आत्ताच नर्सला चावली!"

"आधी माझं तपासा."

"काय?"

"लहानपणापासून असंच आहे. केस कापायचे तर आधी माझे, लस टोचायची तर आधी मला. बघितलं की मग ती करू देते." जलीला सरळ फरशीवर आडवी झाली. "आणि ती ट्यूबलाइट बंद करा. तिच्या गुणगुणण्याने हिचं डोकं उठतं."

डॉक्टर घुटमळले. मग दिवा मालवून गुडघ्यांवर बसले, जलीलाचं पोट चाचपू लागले. दलेंदा टक लावून पाहत राहिली आणि हळूहळू शेजारी पसरली. तिच्या पोटावर उजवीकडे डॉक्टरांची बोटं टेकताच ती खदखदून हसली.

"म्हणजे दुखत नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"अहो, सोसवत नाही तेव्हाच ती अशी हसते!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. सोनोग्राफीलाही आधी जलीला, मग दलेंदा. अपेंडिक्स फुटलं होतं.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी मात्र जलीलाचं काही चालेना; तिथे आधी तिला जाता येणार नव्हतं. आतून दलेंदाचा आरडाओरडा ऐकू आला, मग एकदम थांबला. ते थांबणंच जलीलाला सोसवेना. ओढणीचं टोक दातांत धरून जलीला अल्लाला आळवत राहिली.

अखेर डॉक्टर बाहेर आले. "पू पसरला होता. वाचेल, असं वाटतंय. मी ते इंजेक्शन दिलं असतं तर..." ते जलीलाशेजारी बाकावर बसले. "आमच्या शिकाऊ डॉक्टरांना हे सगळं सांगाल?"

"आधी तिला डोळे उघडू देत, मग साऱ्या गावाला सांगते!"

ताप लवकर उतरेना. जलीला खाटेपासून हलली नाही. एका सकाळी दलेंदाने डोळे उघडले, बहिणीचा हात जोराने झिडकारला आणि एकटीला आत पाठवल्याच्या रागाने भिंतीकडे तोंड फिरवलं. अंगात एवढा जोर परत आलेला पाहून जलीला हमसून हमसून रडली.